उठताना बघणारी मायाक्का

मायाक्का बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. तिची नजर गुडघ्यांवर, घोट्यांवर, खाटेच्या कडेला टेकलेल्या पंजावर असायची. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, बाई फार लाजाळू आहे. मलाही तसंच वाटलं होतं, आणि तो गैरसमज तिने पाच मिनिटांत दूर केला.

तेव्हा मी सांगलीला नोकरीत होते आणि जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची तपासणी करणं हे माझं एक काम होतं. त्यासाठी आमच्या खात्याचा आठ पानी तक्ता होता. खोल्या किती, खाटा किती, दोन खाटांमध्ये अंतर किती, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, डॉक्टर किती दिवसांनी येतात, असं सगळं त्यात भरायचं. तो भरण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. एकही रकाना मी कधी कोरा सोडला नाही. ऑफिसात मला त्यावरून चिडवायचे आणि मी ते कौतुक म्हणून घ्यायचे.

आष्ट्याच्या पुढे उसाच्या पट्ट्यात एक वृद्धाश्रम आहे. नाव सांगत नाही. तिथे मी पहिल्यांदा गेले ती रीतसर पत्र पाठवून, तारीख-वेळ कळवून. दारात रांगोळी होती, फिनेल आणि उदबत्ती यांचा मिळून एक वास येत होता. सव्वीस म्हातारी माणसं न्हाऊन-माखून आपापल्या खाटेवर बसली होती. चादरींच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. मी खाटेखाटेशी जाऊन विचारलं, "जेवण वेळेवर मिळतं ना?" सगळ्यांनी "मिळतं" म्हणून सांगितलं. खिडकीजवळच्या खाटेवर तात्या होते, शिराळ्याचे, जन्मभर पोस्टमन. मांडीवर वर्तमानपत्र, पायांवर ब्लँकेट. मी विचारलं, "तात्या, काही त्रास?"

"काही नाही बाई. चैन आहे."

मी त्यांच्या नावापुढे 'समाधानी' असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

निघताना व्हरांड्यात बादली घेऊन एक उंच, वाळकी बाई उभी होती. कपाळाला भंडारा, लुगड्याचा काष्टा, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"म्याडमबाई, डावी चप्पल आतल्या अंगानं झिजलीया तुमची. कंबार धरती न्हवं?"

आठ दिवस माझी कंबर धरलेली होती. घरातसुद्धा कोणाला बोलले नव्हते. "तुम्हाला कसं कळलं?"

"गाडीतनं उतारताना बघितलं की." मग आवाज उतरवून म्हणाली, "तुमी समदी बसलेली बघितली. बसलेलं समदं सारकंच दिसतंय. उठताना बघा."

खरं सांगते, मला राग आला. वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला बादलीवाली काम शिकवते म्हणजे काय! "तपासणी झाली माझी," मी जरा तोऱ्यातच म्हणाले. तेवढ्यात व्यवस्थापक आले आणि ती बादली उचलून आत गेली. ती मायाक्का होती, तिथली मदतनीस.

परतीच्या वाटेवर मात्र मी आठवायला लागले. सव्वीसपैकी एकालाही मी पायांवर उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. तक्त्यात तसा रकाना नव्हता, म्हणून मला ते सुचलंही नव्हतं.

तीन आठवड्यांनी मी न कळवता गेले, सकाळी साडेसहाला. व्यवस्थापक यायचे होते. मोठ्या खोलीच्या दारात मायाक्का एक हात चौकटीला आडवा लावून उभी होती. म्हातारी माणसं एकेक करून उठत होती आणि अंगणात उन्हाला जायला दाराशी येत होती. ती प्रत्येकाला चार पावलं चालू द्यायची, मग हात वर करून वाट द्यायची आणि जाताना त्याच्या पाठीवरून पंजा फिरवायची.

"आवं काकी, टाच टेकवंना झालायसा. रातीत काय झालं?"

"अगं, गोळा आलाय पोटरीत."

"मंग तकडं भिताडाला धरून बसा, तेल घिऊन आली."

मी मागे उभी राहून बघत राहिले. सगळे बाहेर गेल्यावर तिने मला सांगितलं की ती जतच्या बाजूच्या मेंढपाळाच्या घरातली. रात्री मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडतात, त्याला वाघूर म्हणतात. सकाळी वाघरीची एक बाजू उचलून मेंढरं थोडी थोडी बाहेर सोडायची आणि तिथे एकाने उभं राहून प्रत्येकाची चाल बघायची. सात वर्षांची असल्यापासून ते काम मायाक्काचं होतं.

"बसल्यालं मेंढरू आजारी हाय का धड, द्येवाला बी कळायचं न्हाई. उठून पाच पावलं टाकूं द्या, मग म्या सांगती."

"माणसांचं आणि मेंढरांचं सारखंच कसं असेल, मायाक्का?"

"न्हाईच. मेंढरू खोटं बोलत न्हाई. माणूस 'चैन हाय' म्हणतंय."

मी खिडकीकडे बघितलं. तात्या उठले नव्हते. पायांवर तेच ब्लँकेट होतं. मायाक्काची नजर त्या ब्लँकेटवर होती. मी ते बाजूला केलं. दोन्ही घोटे जुन्या धोतराच्या पट्टीने खाटेच्या लोखंडाला बांधलेले होते. खालची कातडी काळी पडली होती.

"राहू दे बाई," तात्याच मला समजावू लागले. "माझ्याच भल्यासाठी आहे ते. मी टपाल वाटायला निघतो ना, रस्त्यावर जातो. ट्रकची वर्दळ असते."

मला गाठ सुटेना. मायाक्काने ती सवयीच्या हाताने सोडवली. व्यवस्थापक नसतील तेव्हा ती रोज सोडवत होती, तात्यांना फाटकापर्यंत चालवून आणत होती आणि व्यवस्थापकांच्या यायच्या वेळेला पुन्हा बांधत होती, कारण नाही बांधलं तर दुसरा कोणीतरी अधिक आवळून बांधायचा. पहिल्या वेळी मी तात्यांशी इतकं गोड बोलले, तेव्हाही त्या ब्लँकेटखाली ही पट्टी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी अहवाल लिहिला, आणि चांगला खरमरीत लिहिला. शेवटच्या पानावर एक रकाना होता, 'माहिती देणाऱ्याचे नाव व हुद्दा'. माझं पेन जरासुद्धा अडखळलं नाही. मायाक्काचं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट, पुढे 'मदतनीस'. नियमाप्रमाणे अहवालाची प्रत खुलाशासाठी संस्थेकडे गेली. मी कोणाचं वाईट करायला ते नाव लिहिलं नव्हतं. रकाना होता, म्हणून भरला.

महिनाभराने पूर्तता बघायला गेले तर सगळं कसं झकास होतं. पट्ट्या गेल्या होत्या, व्हरांड्याला कठडा आला होता, आणि 'चालविल्याची नोंद' नावाचं नवंकोरं रजिस्टर होतं. प्रत्येक नावापुढे सकाळ-संध्याकाळ खुणा. दारात मात्र मायाक्का नव्हती.

"सोडून गेली," व्यवस्थापक म्हणाले. "फिरती माणसं ती, एका जागी टिकतात होय?"

स्वयंपाकघरातल्या बाईने मला मागच्या दारी गाठून खरं काय ते सांगितलं. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर माझा अहवाल वाचून दाखवला, तिच्या नावाशी थांबले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. मायाक्काने गाठोडं बांधलं. जाताना ती खाटेखाटेशी गेली आणि प्रत्येकाला उठताना आधी कुठला पाय टाकायचा ते सांगून गेली. ते ऐकून मला तिथे उभं राहवेना. मी रजिस्टरवर सही केली आणि निघाले.

मायाक्का काही हौसेने त्या नोकरीत आलेली नव्हती. जन्मभर मेंढरांमागे चालून तिचे गुडघे गेले होते. मुलाचं बिऱ्हाड दिवाळीनंतर पश्चिमेला कृष्णाकाठी उतरायचं, पावसाआधी परत जायचं, आणि ती चाल आता तिला झेपत नव्हती. आश्रमात तिला खाटेपुरती जागा मिळाली होती. साडेसहाच्या त्या सकाळी ती मला म्हणाली होती, "सकाळी डोळं उघडलं की कालचंच दार दिसतंय. लय ब्येस वाटतंय, म्याडमबाई." ते दार मी तिच्याकडून काढून घेतलं होतं, तेही सुवाच्य अक्षरात.

दिवाळी झाली आणि मी रविवारचे रस्ते धरले. इस्लामपूर, कासेगाव, कऱ्हाड. जिथे मेंढरं दिसतील तिथे गाडी थांबवून विचारायचे, "जतकडची मायाक्का तुमच्यात आहे का?" एका म्हाताऱ्या मेंढक्याने माझी चांगलीच फिरकी घेतली. "आमच्यात दर बिऱ्हाडात येक मायाक्का हाय. थोरली देऊ का धाकली?" भोवतालची माणसं हसली. मलाही हसू आलं, आणि गाडीत बसल्यावर रडू आलं. कऱ्हाडला एक चांगला आश्रम मला माहीत होता, तिथल्या बाईंशी मी बोलून ठेवलं होतं. मायाक्काला पुन्हा एका जागचं दार मिळवून द्यायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

मार्गशीर्षात ती सापडली, मलकापूरच्या बाहेर एका कापणी झालेल्या शेतात. चुलीपाशी बसली होती. मी जवळ जाईपर्यंत तिने मान वर केली नाही, आणि मग म्हणाली, "चप्पल बदललीसा. बरं केलं."

मी तिच्या शेजारी ढेकळांवर बसले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. "मायाक्का, माझं चुकलं. तुमचं नाव मी लिहायला नको होतं."

"का? माजंच हाय की त्ये. खोटं न्हाई लिवलं तुमी."

"त्याच्यामुळे तुमचं काम गेलं."

"ग्येलं," ती म्हणाली. लाकूड आत सारलं. "त्ये ऱ्हाऊं द्या. तात्याला कोण उठवतंय आता?"

"दोन वेळा चालवतात त्यांना. रजिस्टर ठेवलंय. मी स्वतः बघून सही केली."

"काय बघितलं? रजिष्टर का तात्या?"

मी तिच्या जाण्याने इतकी हडबडले होते की त्या दिवशी खिडकीकडे गेलेच नव्हते. तिने मला बोल लावला नाही. उलट विचारलं, "घरात कोण हाय तुमच्या?"

"आई आहे. ब्याऐंशीची. दिवसा सोबतीला बाई येते."

"उठताना कुठला हात टेकती?"

अकरा वर्षं आई माझ्याजवळ राहत होती. तिच्या गोळ्यांच्या वेळा, रक्तदाब, डॉक्टरांच्या तारखा यांचा तक्ता मी फ्रिजच्या दारावर चिकटवला होता, एकही रकाना कोरा नसलेला. ती उठताना कुठला हात टेकते हे मला माहीत नव्हतं.

"उजवा असेल," मी म्हणाले.

"आसंल न्हाई. बघून सांगा."

मग मी कऱ्हाडच्या आश्रमाचं बोलले. पगार, राहायची सोय, भल्या मालकीणबाई, सगळं. तिने लुगडं जरा वर सारून गुडघा दाखवला. सुजून कलिंगडाएवढा झाला होता.

"मलाच दोगी मिळून उठवत्यात, बाय. म्या आता कुणाला उठवू?"

"मग कामाला नको. राहायला चला."

"न्हाई. हितं सकाळी मेंढरं सुटत्यात, त्येवढं बसून बघती. चुकलं तर सुनंला सांगती." ती हसली. "तुमी मातर बघून सांगा हं. वाट बघती."

मी निघाले तेव्हा तिने बसल्या बसल्याच हात जोडले. मी तिलाही बसलेलीच बघितली आणि आले. इतकं शिकवूनही मी तिला उठताना बघितलं नाही, हे माझ्या लक्षात आलं ते सांगली जवळ आल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती जागी झाली, माझ्याकडे बघून दचकली. "काय गं, अशी दारात का? ऑफिस नाही?"

"आहे. तू ऊठ."

ती कुशीवर वळली, डावा हात गादीत रोवला आणि उठून बसली. उजवा हात छातीशी तसाच धरलेला. मी विचारलं तर आधी "काही नाही" म्हणाली. मग कळलं, श्रावणात ती न्हाणीघरात पडली होती. खांदा तेव्हापासून उचलत नव्हता. सोबतीच्या बाईला तिने शपथ घातली होती. "तुला कशाला सांगायचं? तू जिल्ह्याचे म्हातारे बघतेस," आई म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

त्याच आठवड्यात सकाळी सातला आष्ट्याला गेले. रजिस्टरला हात न लावता तात्यांच्या खाटेशी गेले आणि म्हणाले, "चला तात्या, फाटकापर्यंत." दोन माणसांनी धरून उभं केलं, तरी त्यांचे गुडघे थरथरत होते. तळवे लहान मुलासारखे मऊ पडले होते. मायाक्का गेल्यापासून ते जमिनीला लागलेच नव्हते, आणि रजिस्टरात खुणा मात्र खंड न पडता चालू होत्या. "ती उंच बाई रजेवर आहे का?" तात्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले.

या वेळचा अहवाल मी आणखी कडक लिहिला. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात माझं स्वतःचं नाव घातलं. साहेबांनी बोलावून विचारलं, हे काय? म्हटलं, रकाना भरलाय. संस्थेने व्यवस्थापक बदलला, म्हाताऱ्यांकडून पायांचा व्यायाम करून घेणारं एक माणूस रोज यायला लागलं. दर आठवड्याला मी वेळ न सांगता सकाळी जाऊन दारात उभी राहायचे. फाल्गुनात तात्या कठडा धरून फाटकापर्यंत आले आणि मला म्हणाले, "आज तुमचं काही नाही बाई. उद्या बघा." पोस्टमनचं ते उत्तर ऐकून माझे डोळे भरून आले, आणि हे सांगायला मायाक्का हवी होती असं फार वाटलं.

तिला 'डावा' एवढंच सांगायचं राहिलं होतं. पण आईच्या खांद्याचे उपचार चालू होते, मार्चअखेरची कामं होती. तिच्याकडे फोन नव्हता, मुलाचा कधी लागायचा नाही. एका रविवारी गेले तर शेत नांगरलेलं होतं, बिऱ्हाड पूर्वेला परतलं होतं. पुढच्या दिवाळीनंतर सांगू, असं मी ठरवलं. आईला उठवताना रोज सकाळी तिची आठवण व्हायची. आईचा खांदा थोडा आखडलेलाच राहिला, म्हणून मी स्वतः तिचा बरा असलेला डावा हात धरून उठवायचे. ती कण्हायची. मला वाटायचं, वयच झालंय.

यंदा मार्गशीर्षात त्याच शेतात सकाळीच पोचले. वाघरीची एक बाजू उचललेली होती, मेंढरं सुटत होती. तिथे एक तरुण बाई उभी होती, जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर पंजा ठेवत. मी गाडीतून उतरले तशी तिने माझ्या पायांकडे बघितलं.

"आष्ट्याच्या म्याडमबाई न्हवं का तुमी?"

"हो. मायाक्का कुठे आहेत?"

तिने शेवटचं मेंढरू बाहेर सोडलं. "आत्याबाई ग्येल्या की. पावसाळ्यात, गावाकडंच. लय दुखणं न्हाई काडलं."

मी तिथेच बांधावर बसले. गेल्या वर्षीच्या चुलीचे तीन दगड बाजूला टाकलेले दिसत होते. ती मायाक्काची सून होती; तिने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि समोर उकिडवी बसली.

"आत्याबाईंनी तुमाला येक इचारून ठिवाय सांगितलं हुतं. म्हणाल्या, ती बाय येणार. हात कुठला?"

"डावा," मी म्हणाले. वर्षभर जपून ठेवलेला तो एक शब्द होता. "मायाक्काला सांगायचं होतं गं मला. मी तो हात धरून रोज उठवते आईला."

तिने मान हलवली. "डावा नगा धरू. टेकायचा हात मोकळा सोडायचा, तुमी उजवीकडं ऱ्हावा. आत्याबाईंस्नी आमी तसंच उठवायचो."

म्हणजे वर्षभर रोज सकाळी, मोठ्या प्रेमाने, मी माझ्या आईचा एकुलता एक आधाराचा हात पकडून ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि तिच्या पाठीला नुसता पंजा लावला. तिने डावा हात गादीत रोवला आणि उठली, न कण्हता. पलंगाच्या कडेला बसून तिने माझ्याकडे बघितलं.

"आज बरं उठवलंस. कुणी शिकवलं गं?"

मी मायाक्काचं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट.